डायमंड इन्फिनिट एज प्रो: शिकारीच्या नावाने विकला जाणारा स्वस्त कंपाउंड बो नागपूरच्या मैदानावर कसा चालतो

निकाल आधीच सांगून टाकू. 18 आणि 30 मीटरवर हा बो पैसे पूर्ण वसूल करून देतो. 50 मीटरवरही चालतो, पण तिथे तो माफ करत नाही. घरात तीन उंचीची तीन माणसं तिरंदाजी शिकणार असतील, तर या किमतीत याच्याइतका सोयीचा बो सापडणं कठीण. मात्र सगळे पैसे बोवरच घालून बाण आणि रिलीज (स्ट्रिंग, म्हणजे बोची दोरी, धरून सोडायचं साधन) मिळेल तो स्वस्तातला घेतलात, तर हाच बो तुम्हाला वाईट वाटेल आणि दोष त्याचा नसेल.

डायमंड हा अमेरिकेतल्या बोटेक कंपनीचा कमी किमतीचा ब्रँड. तिकडे हा बो हरणांच्या शिकारीसाठी विकला जातो आणि पॅकेजसकट साधारण 400 डॉलरच्या आसपास असतो. आपल्याकडे येईपर्यंत वाहतूक आणि आयात शुल्क चढतं, त्यामुळे घेताना पोहोच किंमतच विचारा. नुसती डॉलरची किंमत गुणून हिशेब करू नका.

शिकारीचा विषय इथेच स्पष्ट करायला हवा, कारण नागपूरच्या चारही बाजूंनी जंगल आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव आहे. परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरणं हाच गुन्हा. म्हणजे डिकीत बो ठेवून पेंच, उमरेड-कऱ्हांडला किंवा ताडोबाच्या गेटवर जायचंच नाही, मग तुम्ही सरावावरून परत येत असा की आणखी कुठून. रानडुकरं पिकं नासवतात ही शेतकऱ्याची खरी व्यथा आहे, पण त्याची वाट वनखात्याच्या कार्यालयातून जाते, या बोमधून नाही. पॅकेजसोबत कोणी पात्यांचे ब्रॉडहेड देऊ केले तर घेऊ नका. सरावाला साधी गोल टोकाची फील्ड पॉइंटच लागते. ब्रॉडहेडने टार्गेट चार दिवसांत फाटतं आणि बाण काढताना हात कापतो.

आता आकडे. बोच्या दोन्ही टोकांच्या फिरत्या चाकांच्या, म्हणजे कॅमच्या, आसांमधलं अंतर 31 इंच, ब्रेस हाइट (न खेचलेली स्ट्रिंग ते मूठ हे अंतर) 7 इंच, नुसत्या बोचं वजन 3.2 पौंड म्हणजे साधारण 1.45 किलो. ड्रॉ लेंथ, म्हणजे स्ट्रिंग किती मागे खेचायची ते अंतर, 13 ते 31 इंच; पाउंडेज, म्हणजे खेचायला लागणारा जोर, 5 ते 70 पौंड. कंपनीने दिलेला वेग सेकंदाला 310 फूट. लेट-ऑफ 80 टक्के, म्हणजे 50 पौंडांवर लावलेला बो पूर्ण खेचल्यावर हातात 10 पौंडच धरून ठेवावे लागतात.

यातला सगळ्यात मोलाचा आकडा वेगाचा नाही, 13 ते 31 हा आहे. बऱ्याच बोंना ड्रॉ लेंथ बदलायची तर कॅम किंवा त्यावर बसणारं छोटं मॉड्यूल बदलावं लागतं, कधी प्रेसमध्ये (बो दाबून स्ट्रिंग सैल करणाऱ्या यंत्रात) घालावं लागतं. इथे मॉड्यूल कॅमवरच फिरतं. स्क्रू सैल करायचा, मॉड्यूल हव्या त्या खुणेवर आणायचं, स्क्रू कसायचा. प्रेस लागत नाही. दहा वर्षांची मुलगी आणि तिचे बाबा एकाच रविवारी एकाच बोवर सराव करू शकतात, मधे पंधरा मिनिटं गेली तरी. फक्त वरचं आणि खालचं मॉड्यूल एकाच खुणेवर हवं. एक खूण इकडेतिकडे झाली की दोन्ही कॅम वेगवेगळ्या वेळी थांबतात, ड्रॉच्या शेवटची भिंत लिबलिबीत लागते आणि बाण वर-खाली पडू लागतात. असं झालं की लोक रेस्टला (बाण टेकतो त्या आधाराला) हात घालतात. आधी खुणा बघा.

ड्रॉ लेंथ काढायची सोपी रीत: दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंचात मोजा आणि 2.5 ने भागा. 67 इंच आले तर उत्तर 26.8, म्हणजे साडेसव्वीस किंवा 27 पासून सुरुवात. शंका असेल तर कमी धरा. लांब ड्रॉ लेंथवर डोकं मागे जातं, पुढचा कोपर कुलूप लागल्यासारखा ताठ होतो आणि स्ट्रिंग पुढच्या हाताला कोपराखाली घासते. नव्या माणसाच्या कोपराखाली निळा डाग दिसला, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

पाउंडेजचा आकडा मात्र नीट समजून घ्या. 70 पौंड सगळ्या ड्रॉ लेंथला मिळत नाहीत. मॉड्यूल आखूड खुणेवर नेलं की कमाल पाउंडेजही उतरतं, त्यामुळे 20 इंचावर लावून 60 पौंडांची अपेक्षा ठेवू नका. पाउंडेज बदलायला दोन्ही लिंब बोल्ट (लिंब म्हणजे बोची वाकणारी भुजा) सारखेच फिरवायचे: वर एक फेरा, खाली एक फेरा, पुन्हा वर, पुन्हा खाली. किती फेरे सैल करायचे याची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. त्यापलीकडे गेलात तर लिंब खोबणीतून निसटू शकते आणि ताणातली लिंब कुठे जाईल याचा नेम नाही. खरं पाउंडेज मोजायला प्रवासाचं सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा चालतो. हुक डी-लूपमध्ये (स्ट्रिंगवर बांधलेल्या छोट्या फासात) अडकवा, एकाने रायझर (बोचा मुठीचा मधला भाग) धरावा, दुसऱ्याने काटा हळू ओढावा आणि सगळ्यात मोठा आकडा टिपून तितक्याच हळू परत सोडावा. 22.7 किलो म्हणजे 50 पौंड. दोन-तीन खुणांवर मोजून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती केसच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या वेळी अंदाजाने फिरवावं लागणार नाही.

पान्याबद्दल एक ताकीद. या बोचे स्क्रू इंची मापाचे आहेत आणि आपल्या घरातला ॲलन कीचा संच मिलिमीटरचा असतो. 5/32 च्या जागी 4 मिमी कशीबशी चालते, पण 1/8 इंच म्हणजे 3.175 मिमी. तिथे 3 मिमीची की घातली की ती सैल बसते आणि जोर लावताच स्क्रूचं डोकं आतून गोल होतं. एकदा गोल झालेला छोटा स्क्रू काढणं ही अर्ध्या दिवसाची डोकेदुखी. इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात इंची ॲलन कीचा वेगळा संच मागा आणि तो बोच्या केसमध्येच ठेवा.

किती पौंडांवर लावावा? मोठ्या निरोगी नवशिक्याने 35 ते 40, मुलांनी 15 ते 20. कसोटी सोपी आहे: खुर्चीवर बसून, बो समोर आडव्या रेषेत रोखून, स्ट्रिंग सरळ मागे आली पाहिजे. आकाशाकडे वर करून ओढत खाली आणावी लागत असेल तर पाउंडेज जास्त आहे. वर रोखलेला बाण चुकून सुटला तर तो सहज 200 मीटरच्या पलीकडे जाऊन पडतो. नागपूरची कोणतीही वस्ती त्याच्या आड येऊ शकते.

खेचण्याचा अनुभव 40-50 पौंडांवर छान आहे. सुरुवातीला ताण हळू चढतो, माथ्यावर रेंगाळतो आणि मग एकदम उतरतो. 65 च्या पुढे तो उतार झटक्यासारखा लागतो. आणि बोल्ट फार सैल करून मुलांच्या पाउंडेजवर आणला की शेवटची भिंत मऊ पडते. त्यात बिघाड काही नाही, सैल लिंबांचा स्वभावच तसा.

वेगाचं बोलू. 310 चा आकडा 70 पौंड, 30 इंच ड्रॉ आणि 350 ग्रेनच्या (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप) बाणावर काढलेला असतो, स्ट्रिंगवर पीप (डोळ्यासमोर येणारी छोटी कडी) आणि लूपचं ओझं नसताना. आपल्याकडचा सर्वसाधारण माणूस 50 पौंड आणि 28 इंचावर असतो. ड्रॉचा दर इंच कमी झाला की साधारण 10 फूट जातात, पाउंडेजचे 20 पौंड गेले की आणखी 35-40, पीप आणि डी-लूपचे थोडे. हातात राहतात 245 च्या आसपास. निराश होऊ नका, टार्गेटसाठी तेवढे पुरे आहेत. पण याचा परिणाम साइटवर (नेम धरायच्या पिनांच्या गोल चौकटीवर) कसा होतो तो बघा. 245 फूट म्हणजे सेकंदाला 75 मीटर. 50 मीटर जायला बाणाला पाऊण सेकंदाच्या जरा आत लागतं आणि तेवढ्यात तो सुटलेल्या रेषेपासून सव्वादोन मीटरहून जास्त खाली येतो. साइटवर 18 मीटरच्या आणि 50 मीटरच्या पिनमध्ये तेव्हा साधारण अडीच सेंटिमीटर अंतर पडतं. गोल चौकटीत ते मावतं. हाच बो 30 पौंड आणि 26 इंचावर लावला, वेग 190 पर्यंत आला, की ते अंतर चार सेंटिमीटरच्या घरात जातं आणि खालची पिन चौकटीच्या काठाला टेकते. साइट आणखी खाली आणली तर बाणाचं पीस चौकटीला घासायची भीती. म्हणून मुलांना या बोवर 50 मीटरची घाई करू नका. 30 पर्यंत ते मजेत खेळतात.

पॅकेजमध्ये तीन पिनांचं साइट, ब्रशचं रेस्ट, छोटं स्टॅबिलायझर, भाता, पीप आणि मनगटाचा पट्टा असं सामान येतं. विक्रेत्यानुसार यात फरक पडतो, यादी मागून घ्या. ब्रशचं रेस्ट शिकणाऱ्यासाठी उत्तम: बाण तिन्ही बाजूंनी धरलेला राहतो, पडत नाही. ब्रश झिजले की बाण खाली बसतो आणि ग्रुप (टार्गेटवर पडलेल्या बाणांचा पुंजका) हळूहळू खाली सरकतो, म्हणून दर महिन्याला उंची तपासा. साइट कामचलाऊ आहे. पिना बदलताना स्क्रूवर रंगाची बारीक रेघ मारून ठेवा, सैल झाला तर लगेच दिसेल. अमेरिकेतले लोक पिना 20, 30, 40 यार्डांवर लावतात. तुम्ही त्या थेट 18, 30 आणि 50 मीटरवर लावा. छोटं स्टॅबिलायझर मात्र पहिलं बदलावं लागेल. दीड किलोच्या बोवर 5-6 इंची दांडी धरण्यात काही स्थिरता आणत नाही, 50 मीटरवर पिन सोन्यावरून (टार्गेटच्या पिवळ्या मध्यावरून) नुसती तरंगत राहते. 24 इंचांची साधी दांडी आणि टोकाला थोडं वजन एवढ्याने फरक पडतो. भाता बोवर लावून सराव करू नका, एका बाजूला वजन लोंबतं. कमरेला बांधा.

बो हातात आल्यावर जोडणी या क्रमाने करा. आधी ड्रॉ लेंथ, मग पाउंडेज, मग बाकीचं. उलट केलंत तर सगळं दोनदा करावं लागतं. बाणाची नॉक (शेपटाची खाच) स्ट्रिंगवर बसवून बाजूने बघा: स्ट्रिंगशी काटकोनात, रेस्टच्या स्क्रूच्या भोकाच्या मध्यातून जाणारा हवा. समोरून बघताना बाणाचा मध्य रायझरपासून साधारण 20 मिमी, तिथून सुरुवात. डोळे मिटून बो खेचा, अँकर बसला (स्ट्रिंगचा हात चेहऱ्याशी ठरलेल्या जागी टेकला) की डोळे उघडा. पीप डोळ्यासमोर नसेल तर पीप हलवायचं, मान नाही. मग दोन मीटरवरून चौकटीला ताणून लावलेल्या वर्तमानपत्रातून बाण मारा. एक गोल भोक आणि तीन पिसांच्या चिरा सारख्या पडल्या तर झालं. शेपटाकडची फाट वर गेली असेल तर नॉकिंग पॉइंट (स्ट्रिंगवर नॉक बसते ती जागा) जरा खाली घ्या किंवा रेस्ट वर. डावी-उजवीकडे फाट असेल तर रेस्ट एका वेळी अर्धा मिलिमीटर सरकवा आणि फाट घटते की वाढते ते बघून दिशा ठरवा. तीन सारख्या फाटा दिसल्याशिवाय काहीही हलवू नका, कारण मूठ घट्ट आवळली तरी फाट येते. शेवटी साइट: बाण जिकडे जातो तिकडे पिन न्यायची. बाण वर, पिन वर. बाण डावीकडे, पिन डावीकडे.

बाणांवर खर्च करा, हे पुन्हा सांगावंसं वाटतं. 40-45 पौंडांना 500 स्पाइन (बाण किती लवतो त्याचा आकडा), 50 आणि 28 इंचाला साधारण 400. नक्की निवड बाण बनवणाऱ्याच्या तक्त्यावरून. एका डझनात सगळे एकाच वजनाचे आणि एकाच स्पाइनचे हवेत. 400 स्पाइनचा 28 इंची कार्बन बाण, 100 ग्रेनचं टोक, पिसं आणि नॉक मिळून 380 ग्रेनच्या आसपास भरतो. दर पौंडाला किमान 5 ग्रेन हा नियम मोडू नका: 60 पौंडांवर 300 ग्रेनच्या खालचा बाण म्हणजे अर्धा ड्राय फायरच (बाण न लावताच स्ट्रिंग सोडल्यासारखं). स्वस्त मिळतो म्हणून लाकडी किंवा बांबूचा बाण कंपाउंडवर कधीही लावू नका, तो हातातच फुटतो. कार्बन बाणही दर फेरीनंतर दोन्ही हातांनी हलकेच वाकवून कानाजवळ धरा. करकर ऐकू आली तर तो बाण तिथेच मोडून टाका, म्हणजे चुकून पुन्हा कोणी लावणार नाही.

रिलीज पहिल्यांदा मनगटाला बांधायचं, बोटाच्या ट्रिगरचं घ्या. कंपाउंड उघड्या बोटांनी ओढू नका. 31 इंची बोवर पूर्ण ड्रॉला स्ट्रिंगचा कोन फार अरुंद होतो, बोटं चिमटतात आणि स्ट्रिंग कॅमवरून उतरू शकते.

हाच अरुंद कोन 50 मीटरवर या बोची खरी मर्यादा ठरतो. नागपूरच्या ओजस देवतळेने 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेतले. ते पाहून 'त्याच्यासारखा बो' मागणाऱ्या पालकांनी हे समजून घ्यावं: स्पर्धेचे कंपाउंड बो 36 ते 40 इंचांचे असतात. लांब बो हातात शांत राहतो, स्ट्रिंग नाकाला सहज टेकते आणि मान सरळ राहते. 31 इंची बोवर 29 च्या पुढची ड्रॉ लेंथ असेल तर नाकाचा आधार मिळवायला मान पुढे काढावी लागते. तरीही 50 मीटरच्या फेरीत, 80 सेंटिमीटरच्या टार्गेटवर 72 बाण मारून सराव करायला बंदी नाही. 0.019 इंचाची पिन तेवढ्या अंतरावर साधारण 3 सेंटिमीटर झाकते आणि दहाचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं असतं, म्हणजे नेम धरायला जागा आहे. 7 इंची ब्रेस हाइट थोड्या चुका पोटात घालते. वर्षभर नेटाने सराव केल्यावर ग्रुप आठ-नऊमध्ये थांबला आणि पुढे सरकेना, तर तेव्हा लांब बोचा विचार करा, आज नको. स्पर्धेत पाउंडेजची मर्यादा 60 आहे, म्हणून 70 च्या मोहात पडण्याचं तसंही कारण नाही. रंग साधा काळा घ्या. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आली आहे, त्यामुळे मुलांच्या डोळ्यांत स्वप्न असणं स्वाभाविक आहे. त्या स्वप्नाची पहिली दोन वर्षं हा बो नीट सांभाळतो.

आता नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 ओलांडतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. अशा गाडीत बो दुपारभर राहिला की आधी मेण वितळून स्ट्रिंग कोरडी पडते, मग स्ट्रिंग ताणून लांब होते, पीप फिरतं आणि नेम खाली जातो. लिंबांचे थर सुटणं हा त्यापुढचा, न दुरुस्त होणारा प्रकार. बाणाच्या आतलं इन्सर्ट हॉट मेल्ट गोंदाने बसवलेलं असेल तर तेही सैल होऊन टोक टार्गेटमध्येच राहतं. सराव सकाळी नऊच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर करा, केसवर पांढरं कापड टाका, बो गाडीत सोडून चहाला जाऊ नका. पावसाळ्यात घरी आल्यावर बो केसमधून बाहेर काढून सुक्या कपड्याने पुसा, स्क्रूवर तेलाचा एक थेंब द्या. तेल स्ट्रिंगला लागू देऊ नका. स्ट्रिंगला दर 15 दिवसांनी मेण, बोटाने चोळून गरम करत. जिथे दोरा गुंडाळलेला असतो त्या सर्व्हिंगवर मेण नको.

बाण न लावता स्ट्रिंग सोडणं, म्हणजे ड्राय फायर, कोणत्याही कंपाउंडला घातक. पाहुण्याने 'जरा ओढून बघतो' म्हटलं की बो खाली ठेवा. चुकून झालंच, तर खेचण्याआधी कापसाचा बोळा चारही लिंबांच्या कडांवरून आणि पाठीवरून हळू फिरवा. जिथे तंतू अडकून राहील तिथे चीर आहे, डोळ्यांना ती दिसत नाही. कॅमची कड आणि स्ट्रिंग खोबणीत बसली आहे का तेही बघा.

टार्गेटला फार खर्च नको. गांधीबागेच्या कापड बाजारातल्या सुती चिंध्या पोत्यात ठासून भरल्या की 50 पौंडांचा बाण थांबतो आणि दोन बोटांनी निघतो. बटण, चेन, हूक एकही राहता कामा नये. मधला भाग पोकळ झाला की पोतं आडवं करून आपटा. दाट फोमच्या टार्गेटमध्ये बाण घर्षणाने चिकटून बसतो. टोकाकडच्या भागावर साबणाची वडी एकदा घासली की सुटतो. मागे मातीचा ढिगारा किंवा बिनखिडकीची उंच भिंत हवी. गच्चीवर हा बो चालवायचा नाही, कितीही छोटं अंतर असलं तरी.

जुना बो मिळत असेल तर कापसाचा बोळा सोबत न्या. मॉड्यूलचे स्क्रू गोल झालेत का, कॅम हाताने डुगडुगतो का, स्ट्रिंगचे तंतू फुललेत का ते बघा. स्ट्रिंग आणि केबल दोन-तीन वर्षांत बदलाव्याच लागतात आणि त्याला प्रेस लागतो. घ्यायच्या आधी विक्रेत्याला एवढंच विचारा: स्ट्रिंग बदलून कोण देईल, किती दिवसांत, किती पैशांत. पहिला स्ट्रिंग-केबलचा जोड बोसोबतच मागवून ठेवा.